फॉर्ममधून एकदम दहा-पंधरा फाईली अपलोड: कधी सगळ्या येतात, कधी निम्म्या, कधी एकही नाही, आणि एरर काहीच नाही (पीएचपी)

माणदेशी_डेव्ह | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकटाच भिंतीवर डोकं आपटतोय, आता तुमच्यासमोर आपटतो.

आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला सभासद नोंदणीचा फॉर्म करून दिलाय. ओळखीतलं काम, मोबदला म्हणाल तर दोन पेट्या डाळिंब. प्रत्येक सभासदाचे सातबारे (एकेकाचे चार-पाच गट असतात, तेवढे उतारे), आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान, आधार, आणि बागेचे दोन-तीन फोटो. म्हणजे माणशी दहा-बारा फाईली धरा. साधं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा), फ्रेमवर्क नाही, शेअर्ड होस्टिंग. फाईल इनपुटला मल्टिपल (एकदम अनेक फाईली निवडू देणारं) लावलंय, नावापुढे चौकोनी कंसांची जोडी दिलीये, फॉर्मचा एन्कटाइप मल्टिपार्ट फॉर्म-डेटा आहे. हे तिन्ही पहिल्याच दिवशी तपासलंय, त्यामुळे कृपया तेच पुन्हा सांगू नका. इथला एडिटर कोडमधले कोनी कंस गिळतो म्हणून कोड चिकटवत नाही, तोंडी सांगतोय असं समजा.

माझ्या लॅपटॉपवर झकास चालतं. तिकडून मात्र रोज फोन. काहींना सबमिट केल्यावर "फॉर्मची मुदत संपली, पुन्हा लॉगिन करा" येतं, हा मेसेज माझाच आहे, फॉर्मचं सिक्युरिटी टोकन (फॉर्म खरंच आपल्याच पानावरून आलाय ना ते तपासायची गुप्त खूण) जुळलं नाही की दाखवतो. काहींचा फॉर्म जातो पण कागदपत्रं निम्मीच पोचतात. आणि एक जण शपथेवर सांगतोय की त्याने चार सातबारे टाकले, मला दिसतो एकच. दोन दिवस सेशनच्या (लॉगिन किती वेळ टिकतं त्याच्या) मागे आहे, सेशनची वेळ चार तास करून ठेवली तरी मुदत संपतेच. काय तपासू?

कोडकिडा | सोमवार, रात्री ११:५८

सेशन सोड. ज्यांना मुदत संपल्याचा मेसेज येतो त्यांच्या सगळ्या फाईलींचं मिळून वजन किती होतं ते सांग. आणि लॅपटॉपवर तू टेस्ट कशाने केलंस? डेस्कटॉपवरचे दोन-चार आयकॉन ना?

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, रात्री १२:०५

वॉलपेपर होते तीन, दोन-दोनशे केबीचे 😐

कोडकिडा | मंगळवार, रात्री १२:२१

मग झालं तर. पीएचपीच्या दोन वेगळ्या मर्यादा असतात आणि लोक हमखास एकच वाढवतात. अपलोड-मॅक्स-फाईलसाईझ ही एका फाईलची, मुळात २ एमबी. पोस्ट-मॅक्स-साईझ ही अख्ख्या फॉर्मची, म्हणजे सगळ्या फाईली अधिक नाव-गाव-पत्ता सगळं मिळून, ती मुळात ८ एमबी. आजच्या फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो, म्हणजे तीन फोटोत तुझी हद्द संपली.

आणि खरी गंमत पुढे आहे. दुसरी मर्यादा ओलांडली की पीएचपी तुझी स्क्रिप्ट थांबवत नाही, ते सगळा माल दारातच टाकून देतं आणि स्क्रिप्ट रिकाम्या हाताने सुरू करतं. फाईल्सचा ॲरे (म्हणजे यादी) रिकामा, पोस्टचा, म्हणजे फॉर्ममध्ये लिहिलेल्या बाकी सगळ्याचा, ॲरेही रिकामा. टोकन तू पोस्टमध्येच पाठवतोयस ना, ते पण त्या मालाबरोबर गेलं. तुझा कोड बघतो, टोकन नाही, म्हणजे मुदत संपली. सेशन बिचारं निर्दोष आहे, त्याला कशाला मारतोयस.

खवचट_काकू | मंगळवार, सकाळी ७:१०

वरच्याला +१. एरर नाही असं म्हणू नकोस रे बाबा, एरर आहे, तू लॉग उघडला नाहीस. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एरर लॉग असतो, तो बघ आणि इथे सांग. आणि पुढे एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) बसवलेलं असेल तर त्याची स्वतःची आणखी एक मर्यादा असते, मुळात १ एमबी. पण ते निदान ४१३ क्रमांकाची एरर तरी तोंडावर फेकतं, पीएचपीसारखं गुपचूप नाही.

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, सकाळी ९:३३

दंडवत घ्या दोघांनी. लॉगमध्ये ढिगानी ओळी आहेत, पोस्ट कंटेंट-लेंग्थ अमुक बाइट्स, लिमिट ८३८८६०८ बाइट्स, ओलांडली. आठ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बरोब्बर. दोन दिवस गेले माझे च्यायला.

पण आता नवीन रडगाणं, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत इनी-सेट (कोडमधूनच पीएचपीच्या सेटिंग बदलायची आज्ञा) करून दोन्ही मर्यादा ६४ केल्या तरी काही फरक नाही, लॉगमध्ये तीच ओळ.

खवचट_काकू | मंगळवार, सकाळी ९:५०

अरे तुझी पहिली ओळ चालायच्या आधीच फाईली येऊन पडलेल्या असतात. वऱ्हाड जेवून गेल्यावर आचाऱ्याला माणसं वाढली म्हणून सांगतोयस. त्या फोल्डरमध्ये डॉट-युजर-डॉट-इनी नावाची फाईल कर, त्यात दोन्ही ओळी लिही, पोस्टची मर्यादा फाईलच्या मर्यादेपेक्षा चांगली मोठी ठेव. आणि लगेच रिफ्रेश करून चालत नाही म्हणून बोंबलू नकोस, ती फाईल पीएचपी ३०० सेकंदांनी पुन्हा वाचतं. चहा करून घे तोवर.

अजून एक, हे कायमचं लिहून टाक: रिक्वेस्ट पोस्ट आहे, कंटेंट-लेंग्थ शून्यापेक्षा जास्त आहे आणि पोस्टचा ॲरे रिकामा आहे, तर टोकन तपासायच्या आधीच माणसाला सांग की फाईली फार मोठ्या झाल्या. मर्यादा कितीही वाढव, कोणीतरी व्हिडिओ टाकणारच.

गूगलभक्त | मंगळवार, सकाळी १०:१५

एवढा उपद्व्याप कशाला? गूगल फॉर्ममध्ये फाईल अपलोडचा प्रश्न टाका, सगळं ड्राइव्हमध्ये येतं, फुकट.

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, सकाळी १०:४०

सुरुवात तिथूनच केली होती दादा. फाईल टाकायची तर भरणाऱ्याला गूगल लॉगिन लागतं आणि एका प्रश्नाला जास्तीत जास्त १० फाईली. आमच्याकडे गावचा गटसचिव तीस-तीस जणांचे फॉर्म एका फोनवरून भरतो, कोणाच्या जीमेलचा पासवर्ड पुतण्याला माहीत आणि पुतण्या पुण्यात.

टेस्टरताई | मंगळवार, दुपारी १:२०

मी कोडवाली नाही, टेस्टिंगवाली आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. ते सचिव फाईली निवडतात कशा हे तुम्ही शेजारी बसून एकदा तरी बघितलंय का?

कारण मी आमच्या ऑफिसातल्या एका फॉर्मसाठी बघितलं होतं, बरेच दिवस झाले. माणूस बटण दाबतो, पहिला फोटो निवडतो, परत येतो. पुन्हा तेच बटण दाबतो, दुसरा निवडतो, परत येतो. त्याच्या दृष्टीने दोन झाले. ब्राऊझरच्या दृष्टीने एकच, कारण दुसऱ्यांदा निवडलं की आधीची निवड पुसली जाते, मल्टिपल लावलेलं असलं तरी. एका वेळी अनेक निवडायच्या तर बऱ्याच फोनमध्ये पहिली फाईल दाबून धरायची, मग बाकीच्यांवर टिकमार्क करत जायचं. हे दाबून धरणं तुम्हा-आम्हाला येतं, सासऱ्यांना विचारून बघा. आणि फोटो तिथल्या तिथे कॅमेऱ्याने काढायचा असेल तर कॅमेरा देतो एका वेळी एकच, तिथे दाबून धरून पण उपयोग नाही.

चार सातबारे टाकले नि एकच आला, ही शपथ खरी असू शकते असं माझं म्हणणं.

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, दुपारी २:०५

ताई, बघितलं नव्हतं. आत्ता सचिवांना व्हिडिओ कॉल करून फोन आरशासमोर धरायला लावला (हसू नका). डिट्टो तुम्ही म्हणताय तेच. बटणाशेजारी फाईलचं नाव बदलतं ते त्यांना दिसतं, पण त्यांना वाटतं की शेवटची कुठली टाकली ते दाखवतंय.

पण शपथवाल्याची केस ही नाही बहुतेक. त्यांच्या मुलीने कॉम्प्युटर सेंटरवरून एकदम चारही पीडीएफ निवडून पाठवले होते, मी तिच्याशी बोललोय, ती चांगली हुशार आहे.

कोडकिडा | मंगळवार, दुपारी ३:३०

ताईंनी सांगितलेल्याचा उपाय सांगतो, मग बाकीचं. इनपुटवर भरवसा ठेवूच नकोस, त्याला फक्त दरवाजा समज. जावास्क्रिप्टमध्ये स्वतःची यादी ठेव, चेंज इव्हेंट आला की इनपुटमधल्या फाईली त्या यादीत ढकल आणि इनपुटची व्हॅल्यू रिकामी कर. रिकामी नाही केलीस तर तीच फाईल काढून पुन्हा निवडली तर चेंज इव्हेंटच येत नाही, लोक म्हणतात बटण बिघडलं. मग यादी खाली दाखव, छोटं चित्र, नाव, पुढे "काढा" असं बटण. चित्रासाठी क्रिएट-ऑब्जेक्ट-यूआरएल वापर आणि चित्र दिसून झालं की रिव्होक कर, नाहीतर चार एमबीचे पंधरा फोटो धरून स्वस्तातला फोन गप्प बसतो.

निम्म्या फाईली येण्याचं: तुझा लूप कसा आहे? एरर आली तर काय करतोस?

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, दुपारी ३:४४

एरर शून्य नसेल तर कंटिन्यू 🙈

कोडकिडा | मंगळवार, दुपारी ३:५२

हं. म्हणजे पीएचपी तुला सांगत होतं आणि तू कानात बोळे घातले होतेस.

पीएचपी अनेक फाईलींचा ॲरे उभा न देता आडवा देतं, सगळी नावं एकीकडे, सगळे साईझ एकीकडे, सगळे एरर एकीकडे, त्यामुळे तिसऱ्या फाईलची माहिती हवी तर प्रत्येक डब्यातला तिसरा लाडू उचलायचा. आधी एक छोटं फंक्शन लिहून ते सरळ करून घे, निम्म्या चुका तिथेच होतात. मग एरर क्रमांक बघ. १ म्हणजे इनीतल्या मर्यादेपेक्षा फाईल मोठी, ३ म्हणजे अर्धवटच पोचली, रेंज गेली की हे होतं, ४ म्हणजे फाईल निवडलीच नाही, ६ नि ७ म्हणजे सर्व्हरकडे तात्पुरती जागा नाही किंवा लिहिता येत नाही. तुझ्याकडे सगळे १ असणार: पोर्टलवरून काढलेले पीडीएफ लहान, ते पोचले, फोनचे फोटो दोन एमबीच्या वरचे, ते तू कंटिन्यू करून सोडलेस. ४ सोडून बाकी प्रत्येक एररला त्या फाईलच्या नावासकट माणसाला मराठीत सांग.

अजून एक छुपी मर्यादा, मॅक्स-फाईल-अपलोड्स, मुळात २०. एकविसाव्या फाईलपासून पुढच्या ॲरेत येतच नाहीत, त्यांना एरर क्रमांक पण नाही. लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते तेवढीच.

जुनाखोंड_७१ | मंगळवार, सायं. ६:१५

थोडं अवांतर करतो, म्हाताऱ्याला सोडून द्या. फॉर्ममधून फाईल पाठवायची ही कल्पनाच १९९५ ची, झेरॉक्समधल्या दोघांनी त्याचा आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) लिहिला, क्रमांक १८६७. त्याआधी एफटीपी नाहीतर फ्लॉपी. आमच्या वेळी मल्टिपल पण नव्हतं, "आणखी एक फाईल जोडा" असं बटण ठेवायचो, दाबलं की खाली नवीन रकाना उगवायचा, एका रकान्यात एक फाईल. आज वरचं वाचून वाटलं की सचिवसाहेबांना तेच जास्त कळलं असतं. सातबारा गट क्रमांक अमुक, त्यापुढे बटण. आठ-अ, त्यापुढे बटण. सगळं एकाच पोत्यात ओतून घेतलं की मग कुठली फाईल कशाची हे तुम्हालाच उघडून बघत बसावं लागणार ना?

टेस्टरताई | मंगळवार, सायं. ६:३१

आजोबांना +१००. मल्टिपल फक्त सातबारा आणि बागेच्या फोटोंना ठेवा, बाकी एकाला एक.

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, सायं. ७:०२

हे पटलं एकदम. आत्ता खरंच प्रत्येक फाईल उघडून बघतोय पासबुक कुठलं नि आठ-अ कुठला.

खवचट_काकू | मंगळवार, रात्री ८:४५

त्या चार सातबाऱ्यांकडे या आता. फाईल सेव्ह करताना नाव कसं ठेवतोस? आणि मुलीने नावं मराठीत टाइप केली होती का?

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, रात्री ९:१०

सभासद क्रमांकाचं फोल्डर, त्यात मूळ नावाने, पण सुरक्षित करून. म्हणजे इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, टिंब आणि डॅश सोडून बाकी सगळ्याच्या जागी अंडरस्कोर. कुठल्यातरी उत्तरातून उचललेलं रेजेक्स (अक्षरं शोधून बदलायचा नमुना).

हो, नावं मराठीत आहेत. सातबारा गट १२, सातबारा गट १७ वगैरे.

खवचट_काकू | मंगळवार, रात्री ९:२४

सापडला चोर. आकडे देवनागरीत आहेत ना? मोज आता माझ्याबरोबर. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, सगळं तीन-तीन बाइटचं. तुझ्या रेजेक्सला यूचा झेंडा (यूटीएफ-८ म्हणून वाच असं सांगणारी खूण) लावलेला नसणार, म्हणून ते अक्षर न बघता बाइट बघतं, एका बाइटला एक अंडरस्कोर. सातबारा म्हणजे स, काना, त, ब, काना, र, काना, सात तुकडे, २१ बाइट. मग स्पेस १. गट ६. स्पेस १. १२ हे दोन आकडे, ६. एकूण ३५. आणि गट १७ चे? ते पण ३५. पस्तीस अंडरस्कोर डॉट पीडीएफ, चारही फाईलींचं हेच नाव, आणि मूव्ह-अपलोडेड-फाईल (आलेली फाईल जागेवर ठेवणारं फंक्शन) आधीची फाईल आहे का विचारत नाही, सरळ वर बसते. चौथीने तिघींना गिळलं.

फोल्डर उघड आणि मोज.

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, रात्री ९:४१

मोजले. ३५.

काकू तुम्ही मनुष्य नाही आहात.

आणि वाईट म्हणजे हे फक्त मराठी आकडे टाइप करणाऱ्यांनाच झालंय, ज्यांनी इंग्रजीत 12, 17 लिहिले त्यांची नावं वेगळी राहिली. ज्यांनी नीटनेटकं काम केलं त्यांचेच कागद गेले. अकरा सभासदांचे उतारे पुन्हा मागवावे लागणार.

निशाचर | मंगळवार, रात्री ११:३०

नुसता यूचा झेंडा लावून किंवा मराठी अक्षरांना परवानगी देऊन थांबू नका, ते पण अपुरं आहे. लिनक्सवर ext4 (डिस्कवर फाईली साठवायची पद्धत) धरलं तर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरीची ८५ अक्षरं, आणि "क्षे" दिसायला एक असलं तरी त्यात चार तुकडे आहेत, बारा बाइट. लोक नावात अख्खा पत्ता लिहितात.

डिस्कवर माणसाने दिलेलं नाव ठेवूच नये. रँडम-बाइट्सने सोळा बाइट घ्या, हेक्स करा, ३२ अक्षरांचं नाव, एक्स्टेंशन तुमच्या मनाचं, तेही आत काय आहे ते फाईलइन्फोने (फाईलचा खरा प्रकार ओळखणारं पीएचपीचं साधन) बघून ठरवलेलं. ब्राऊझर जो टाइप सांगतो तो ऐकून सोडून द्यायचा, तो पाठवणाऱ्याच्या हातात आहे, आणि इनपुटवरचं ॲक्सेप्ट ही नुसती विनंती असते, पहारा नाही. मूळ मराठी नाव डेटाबेसमध्ये, कॉलम यूटीएफ-८-एमबी-४. डाउनलोड देताना तेच नाव परत द्या, हेडरमध्ये फाईलनेम-स्टार म्हणून प्रकार असतो तो वापरलात तर देवनागरी नाव जसंच्या तसं उतरतं.

खवचट_काकू | मंगळवार, रात्री ११:३८

आणि हे सगळं आहे कुठे? फोल्डर पब्लिक-एचटीएमएलच्या (जगाला उघड्या असलेल्या फोल्डरच्या) आत आहे का बाहेर?

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, रात्री ११:४०

आत. अपलोड्स नावाचं.

खवचट_काकू | मंगळवार, रात्री ११:४४

झोपू नकोस आज. त्यात लोकांची आधार कार्डं आहेत. सभासद क्रमांक १, २, ३ असा ओळीत आहे, म्हणजे पत्त्यात आकडा बदलत गेलं की कोणालाही पुढचं फोल्डर. डिरेक्टरी लिस्टिंग चालू असेल तर तेवढे पण कष्ट नकोत, यादीच समोर. शिवाय तू एक्स्टेंशन तपासत नव्हतास, कोणी आत पीएचपी फाईल टाकली असती तर ती तिथेच चालली असती. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेव, पण उद्या त्या माणसांनी विचारलं तर तोंड कुठे लपवशील?

आत्ता फोल्डर पब्लिक-एचटीएमएलच्या वर हलव, आणि फाईल दाखवायची तर एका स्क्रिप्टमधून, लॉगिन तपासून. आणि आधार मागताय ते खरंच हवंय का विचार कंपनीला, हवंच असेल तर मास्क केलेलं घ्या, यूआयडीएआयच्या साईटवरून मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

माणदेशी_डेव्ह | बुधवार, पहाटे १:२५

हलवलं. लिस्टिंग चालू होतं. ॲक्सेस लॉग चाळला, बाहेरचं कोणी आलेलं दिसत नाही, एक-दोन बॉट मुख्य पानावर येऊन गेलेत तेवढंच. हात अजून थरथरतायत. थँक्यू काकू.

निशाचर | गुरुवार, रात्री १२:५०

आता मूळ मुद्द्यावर. सगळ्या फाईली एका रिक्वेस्टमध्ये पाठवणंच चुकतंय तुमचं. पंधरा फाईली, चाळीस एमबी, गावातली रेंज, चौदावीला तुटलं की तेराही गेल्या. माझ्या मते ब्राऊझरमधून थेट एस-३ ला (ॲमेझॉनचं भाड्याचं स्टोरेज) प्री-साइन्ड यूआरएलने (ठरावीक वेळ चालणाऱ्या परवानगीच्या लिंकने) पाठवा, मल्टिपार्ट (फाईलचे तुकडे) करा, किंवा टस प्रोटोकॉल वापरा, तुटलं तिथून पुढे सुरू होतं.

खवचट_काकू | गुरुवार, सकाळी ७:२०

रोग बरोबर सांगितलास, औषध हत्तीचं दिलंस. एस-३ च्या मल्टिपार्टमध्ये शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो, याची सगळ्यात मोठी फाईलच ५ ची नाही, तुकडे कसले करणार? दोन पेट्या डाळिंबाचं काम आहे.

एका रिक्वेस्टला एक फाईल, एवढंच पुरे. निवडली की लगेच पाठवायची, सबमिटची वाट बघायची नाही. एका वेळी दोन, बाकीच्या रांगेत. सर्व्हर प्रत्येकीला एक आयडी देतो, शेवटी फॉर्मबरोबर फक्त आयडी जातात. वीसची मर्यादा गेली, आठची गेली, तुटली तर एकच तुटते आणि तिच्यापुढे "पुन्हा पाठवा".

यात फसायच्या जागा: आयडी आले म्हणून आंधळेपणाने जोडू नकोस, ती फाईल याच मसुद्याची आहे ना ते तपास, नाहीतर एकाचं पासबुक दुसऱ्याच्या अर्जाला. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांच्या फाईली साचतात, रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून चोवीस तासांपेक्षा जुन्या बेवारशी काढ. आणि रेंज जायची वेळ नेमकी अशी की फाईल पोचलेली असते पण पोचल्याचा निरोप परत आलेला नसतो, मग फोन पुन्हा पाठवतो, फाईल दोनदा. म्हणून फाईल निवडताच ब्राऊझरमध्येच तिला एक युनिक आयडी दे, तो बरोबर पाठव, डेटाबेसमध्ये त्याला युनिक लाव. दुसऱ्यांदा आली तर "आहे आमच्याकडे" म्हणायचं.

कोडकिडा | गुरुवार, सकाळी १०:०५

आणि टक्केवारीची पट्टी दाखवायची तर जुनं एक्सएमएलएचटीटीपी वापर, त्याला अपलोडचा प्रोग्रेस इव्हेंट आहे. फेचला (त्याच्या नव्या भावाला) तो नाही. फॉर्म-डेटा पाठवताना कंटेंट-टाइपचं हेडर हाताने लावू नकोस, बाउंड्री (भाग वेगळे करणारी खूण) ब्राऊझर स्वतः घालतो, तू लावलंस तर ती जाते आणि सर्व्हरला काहीच उलगडत नाही. यात माझी एक अख्खी शनिवार रात्र गेलीये.

टेस्टरताई | गुरुवार, सकाळी ११:४०

लगेच पाठवायचं म्हणताय त्याला अजून एक कारण आहे. दोन जीबी रॅमच्या फोनवर फॉर्म भरताना कॅमेरा उघडला की मागे ब्राऊझरचा टॅब मरतो, परत आलं की फॉर्म कोरा. नाव-पत्ता-गट क्रमांक सगळं पुन्हा. फाईली सर्व्हरवर गेलेल्या असतील आणि लिहिलेलं लोकल-स्टोरेजमध्ये (ब्राऊझरच्या स्वतःच्या साठ्यात) असेल तर माणूस जिथे होता तिथे परत येतो. स्वस्तातला फोन आणून बघा, तुमच्या फोनवर हे दिसणार नाही.

कोडकिडा | गुरुवार, दुपारी १२:१०

फोटो पाठवायच्या आधी फोनवरच लहान कर, कॅनव्हासवर काढून मोठी बाजू १६०० पिक्सेल, जेपेग ०.८ नी. चार एमबीचे तीन-चारशे केबी होतात. फुकटात अजून एक फायदा, फोटोत दडलेलं जीपीएसचं ठिकाण त्यात गळून जातं. पासबुक वगैरे मात्र एकदा झूम करून बघ, बारीक आकडे वाचता यायला हवेत.

जुनाखोंड_७१ | गुरुवार, दुपारी १२:३०

फोटो करा लहान, पण सातबाऱ्याच्या पीडीएफला हात लावू नका हो. डिजिटल सहीचा उतारा असतो तो, कॉम्प्रेस करून पुन्हा सेव्ह केला की सही तुटते आणि मग तो नुसता कागदाचा फोटो उरतो.

माणदेशी_डेव्ह | गुरुवार, दुपारी १:१५

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं, मी सर्व्हरवर पीडीएफ बारीक करायचा प्लॅन करत होतो. रविवारी बसून सगळं नव्याने लिहितो.

माणदेशी_डेव्ह | पुढचा मंगळवार, रात्री १०:२०

अपडेट. आजोबांसारखे वेगळे रकाने, सातबारा आणि बाग यांनाच मल्टिपल, खाली यादी. एका वेळी दोन फाईली, नाव हेक्स, फोल्डर बाहेर, दाखवायला स्क्रिप्ट. मास्क केलेलं आधार चालेल म्हणाले कंपनीवाले, त्यांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. काल सचिवांनी एका बैठकीत नऊ फॉर्म भरले, मध्ये दोनदा रेंज गेली, "पुन्हा पाठवा" दाबून पुढे सरकले. फोन करून म्हणाले, आता कळतंय कुठला कागद राहिलाय ते. लिंक टेस्टरताईंना खाजगीत पाठवलीये, नकली डेटा टाका नि तोडा.

अकरापैकी सात जणांचे उतारे परत आले. त्या मुलीने चारही पुन्हा पाठवले आणि विचारलं, "आता मराठीत नाव दिलं तर चालेल ना?"

कोडकिडा | मंगळवार, रात्री १०:२६

डाळिंबं?

माणदेशी_डेव्ह | मंगळवार, रात्री १०:३१

मृग बहार धरलाय, अजून वेळ आहे.

टेस्टरताई | बुधवार, सकाळी ११:०२

तोडलं. चार फाईली टाकल्या, एक चुकीची होती म्हणून "काढा" दाबलं, यादीतून गेली. पान रिफ्रेश केलं, मसुदा परत आला आणि ती चौथी फाईल पण परत आली. सबमिट केल्यावर अर्जाला जोडलेली दिसतेय. "काढा" फक्त पडद्यावरूनच काढतंय का?

माणदेशी_डेव्ह | बुधवार, सकाळी ११:०९

अरेच्चा. थांबा, बघतो.